दुसरी राखीव जागा

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला आधी बाबांचीच काळजी वाटेल, म्हणून आधी तेच सांगते: बाबा ठणठणीत आहेत. आज सकाळी त्यांनी आपल्या हातांनी दाढी केली, हनुवटीखाली नेहमीसारखा एक पट्टा राहिला, आणि मी तो दाखवला तर म्हणाले, मला बघायला कोण येणार आहे. डाव्या कानातलं यंत्र अजूनही दिवसातून चार वेळा काढून टेबलावर ठेवतात आणि मग मी मोठ्याने का बोलते म्हणून माझ्यावरच वैतागतात. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढतात. तेव्हा पाणी पी आणि निवांत बसून वाच.

फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघी गेली सोळा वर्षं बाबांच्या गोळ्या, भाचीचे मार्क आणि भावोजींची पाठ यांच्या पलीकडे गेलेलो नाही. मी कामाचं काही काढलं की तू म्हणतेस, 'ते सोड, मला त्यातलं आता काही कळत नाही.' आपल्या लायब्ररीची, दवाखान्यांचे प्रोग्रॅम जिच्या जिवावर चालतात त्या सगळ्या कोडची, पहिली ओळ जिने लिहिली तिला कळत नाही, हे मी कसं मानायचं? शिवणकाम करणाऱ्या काकूंचा कान गेला, चौकशीच्या कागदावर तू 'जबाबदारी माझी' म्हणून सही केलीस, खुर्ची टेबलाखाली सरकवलीस आणि निघून गेलीस. त्या दिवसापासून तुला कळेनासं झालं. आज मी त्याच विषयावर लिहिणार आहे. मधेच घडी घालून ठेवू नकोस, एवढं माझं ऐक.

सुरुवात बातमीने करते. आपली लायब्ररी घर बदलते आहे. कान तपासणाऱ्या सगळ्या दवाखान्यांतले जुने संगणक निघाले आणि नवे आले ते वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे. दवाखान्यांतले पडद्यावरचे प्रोग्रॅम ज्यांचे त्यांनी नव्याने करून घेतले. पण तपासणीचे आकडे घेऊन कुठल्या स्वराला आवाज किती वाढवायचा, हे काम सगळे आपल्याच लायब्ररीकडून करून घेतात, आणि ती जुन्या सिस्टिमची. बैठकीत साहेब म्हणाले, 'प्रोसेसर तोच आहे ना? मग फाइल कॉपी करायची आणि चालू करायची, त्यात काय एवढं.' कुणी हसलं नाही. तू असतीस तर टेबलाखाली माझा पाय दाबला असतास.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, एवढा चेहरा का पडलाय. त्यांना मी असं सांगितलं: समजा एकच स्वयंपाकीण दोन घरी कामाला जाते. हात तेच, कसब तेच. पण एका घरी मिठाचा डबा डावीकडे आणि दुसऱ्या घरी त्याच जागी साखर. तिने पहिल्या घरच्या सवयीने न बघता हात घातला तर स्वयंपाक बिघडणारच, आणि त्यात ना तिची चूक ना घराची. आपलंही तसंच. प्रोसेसरला दोन्हीकडच्या सूचना कळतात, पण एक सिस्टिम पहिला आकडा या कप्प्यात ठेवते आणि दुसरी त्या कप्प्यात शोधते. एकीकडे मोठा पूर्णांक आठ बाइटचा, दुसरीकडे त्याच नावाचा चार बाइटचा. शिवाय फाइलीची बांधणीच निराळी, त्यामुळे नवी सिस्टिम आपली लायब्ररी उघडतसुद्धा नाही, दारातूनच परत पाठवते. बाबा सगळं ऐकून म्हणाले, 'म्हणजे तुझ्या साहेबाला स्वयंपाक येत नाही.'

लायब्ररी नव्या सिस्टिमवर पुन्हा बांधायची हे तर होतंच, आणि ते जड गेलं नाही. तू प्रत्येक आकड्याची रुंदी नावातच लिहायला लावायचीस आणि मी कुरकुरायचे. सबंध लायब्ररीत एकाच ठिकाणी रुंदी लिहायची राहिली होती आणि ते फंक्शन अर्थातच माझं होतं. खरी गंमत पुढे झाली. परवाना देणाऱ्या कार्यालयाने अट घातली की जुन्या कुठल्याही आवृत्तीने कुठल्याही माणसाला जे आकडे दिले होते, तेच आकडे नव्या सिस्टिमवर मिळतात हे दाखवा. नुसतं सोर्सवरून, म्हणजे आपण लिहिलेल्या ओळींवरून नको, दवाखान्यांत प्रत्यक्ष गेलेल्या त्या त्या फाइलीशी ताडून दाखवा. अशा आपल्या एकोणीस आवृत्त्या. तू प्रत्येकीची एक सीडी पाकिटात बंद करून, वर तारीख घालून लोखंडी कपाटात ठेवायचीस, ती सवय तुझ्यानंतर मी चालू ठेवली, म्हणून सगळ्या मिळाल्या.

मग मी मधे एक दुभाष्या बसवला. नव्या सिस्टिमवर चालणारा छोटासा प्रोग्रॅम. तो आपली जुनी फाइल स्वतःच उघडतो, तिचे तुकडे स्मृतीत जिथल्या तिथे मांडतो, एका सिस्टिमच्या कप्प्यातले आकडे उचलून दुसरीच्या कप्प्यात ठेवतो, आणि लायब्ररीने सिस्टिमकडे काही मागितलं की नव्या घरातून तेच आणून देतो. आपली लायब्ररी मागते तरी काय? थोडी जागा आणि नोंद लिहायला एक फाइल. तरी माझ्या नाकी नऊ आले. पहिले बारा दिवस ती उघडायची आणि मरायची. तेराव्या दिवशी पहिल्या आवृत्तीने उत्तर दिलं आणि ते बरोबर होतं. बावीस वर्षांपूर्वी तू बांधलेली फाइल, एक बाइटही न बदलता, परक्या घरात चालली. ताई, मी उठून जाग्यावरच गिरकी घेतली. शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस घाबरून बघायला लागले.

आता कार्यालयाला द्यायच्या तक्त्याकडे येते. एकाच माणसाचे तेच आकडे प्रत्येक आवृत्तीला द्यायचे, जुन्या फाइलीचं उत्तर एका रकान्यात, त्याच आवृत्तीच्या नव्याने बांधलेल्या फाइलीचं शेजारी. चाळीस हजार माणसांचे आकडे घातले. अठरा आवृत्त्या ओळीने जुळल्या. सातवी जुळली नाही.

सातवी म्हटल्यावर तुला काय आठवलं ते मला ठाऊक आहे. पण माझ्या बाजूने पुन्हा एकदा वाच. माणसाच्या माहितीच्या नोंदीत शेवटी तू चार जागा राखीव सोडल्या होत्यास. पुढे नवीन काही लागलं तर जुन्या प्रोग्रॅमना धक्का न लावता वापरता यावं म्हणून. नियम तुझा: बाहेरच्याने तिथे शून्य भरायचं, आपण तिकडे बघायचं नाही, आणि ज्याला जागा हवी त्याने आधी भिंतीवरच्या कागदात चौकोन भरून सही करायची. तो कागद अजून आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. त्यात दुसऱ्या चौकोनात तुझं अक्षर आहे: 'यंत्र वापरण्याची सवय, वर्षांत.' नव्या माणसाला आवाज जरा कमी द्यावा लागतो, सरावलेल्याला पूर्ण, म्हणून ती जागा तू सातव्या आवृत्तीत उघडलीस. सहीही केली आहेस, तारखेसकट.

काकूंना बावीस वर्षांची सवय होती. दवाखान्यातल्या बाईंनी दुसऱ्या जागेत बावीस भरलं, नवं यंत्र बसवलं आणि चालू केलं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी दार आपटलं, काकू ओरडून खुर्चीवरून खाली आल्या, आणि उजव्या कानात जे काही उरलं होतं ते त्या दिवशी गेलं. चौकशीत तुझं गणित दहा वेळा तपासलं, दहाही वेळा बरोबर निघालं. शेवटी त्यांनी लिहिलं की राखीव जागा वापरात आणताना पुरेशी काळजी घेतली गेली नाही. तू म्हणालीस, 'मला चूक सापडत नाही, पण ती तिथेच कुठेतरी आहे, आणि ती जागा मी उघडली.' भाची तेव्हा रांगत होती. त्यानंतर तुला कुणी कामावर घेतलं नाही, आणि तूही दोनच ठिकाणी विचारलंस. शाळेत गणित शिकवायला लागलीस. तिथे तू चांगलं शिकवतेस हे मी चार जणांकडून ऐकलं आहे, पण ते तुझं काम नव्हतं.

आणि दर महिन्याला तू काकूंकडे जातेस. भाचीनेच मला सांगितलं. त्या मशीनवर बसलेल्या असतात, तू शिवणाच्या खडूने कापडाच्या उलट्या बाजूवर लिहितेस, त्या वाचून बोलतात आणि मग कपडा झटकून खडू पुसतात. काजं करायला तू त्यांच्याकडेच शिकलीस म्हणे. हे ऐकलं त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसरंही एक भाचीने सांगितलं, ते सांगू नको म्हणाली होती. तिला आपल्या कामात यायचं आहे. अर्ज भरायचे आहेत, आणि तू म्हणालीस, 'आपल्या घरात तो हात नाही. आपली चूक माणसाच्या अंगावर जाते.' पोरगी रडत नव्हती, नुसती विचारत होती, 'मावशी, असं असतं का गं? चूक रक्तात असते का?' मी काहीतरी थातूरमातूर बोलून फोन ठेवला.

सातव्या आवृत्तीत काय निघालं ते आता लिहिते. ती फाइल दुसऱ्या जागेतला आकडा दोनदा वाचते. एकदा तू लिहिलंस तसं, सवयीची वर्षं म्हणून. आणि त्याच्या आधी आणखी एकदा, वाढीव आवाज म्हणून, डेसिबलमध्ये. बावीस वर्षं म्हणजे बावीस डेसिबल जास्त. दोन-तीन वर्षांची सवय असलेल्यांना आवाज किंचित मोठा मिळाला, ते खूश होते, कुणी तक्रार केली नाही. हे डेसिबलचं जादा वाचन करणारी ओळ कुठल्याच सोर्समध्ये नाही. ती फक्त त्या फाइलीत आहे. दुभाष्याने ती फाइल जशीच्या तशी चालवली म्हणून दिसली.

ती ओळ माझी आहे.

तुला आठवत असेल, त्या वर्षी बाबांचं काही केल्या जमत नव्हतं. आपण बोललो की 'काय?' आणि आणखी मोठ्याने बोललो की 'ओरडतेस कशाला.' मी त्यांच्यासाठी घरच्या घरी एक जादा ओळ घातली, चार डेसिबल वाढवायला, आणि आकडा द्यायला हाताशी दुसरी जागा तेव्हा रिकामी होती ती घेतली. भिंतीवरच्या कागदात लिहिलं नाही. एका माणसासाठी, एका दिवसासाठी, त्याला कसली सही, असं वाटलं. ती ओळ माझ्या संगणकावरच राहिली. सातवी आवृत्ती बाहेर काढायच्या आठवड्यात बांधणीचा संगणक बंद पडला होता, तुला आठवतं, पंखा गेला होता. घाई होती. मी आवृत्ती माझ्या संगणकावर बांधली आणि पाठवून दिली.

आत्तापर्यंत मी 'निघालं', 'दिसली' असं लिहीत आले. ते वाचायला बरं वाटतं. पण दुभाष्याने मला नवीन काहीच दाखवलं नाही, ताई. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दवाखान्याचा फोन आला, 'दुसरी जागा' एवढं कानावर पडलं आणि मला सगळं कळलं. भर दुपारी, तू पाच हातांवर बसलेली असताना, मी ती ओळ पुसली. चौकशीवाल्यांनी सातव्या आवृत्तीची प्रत मागितली तेव्हा कपाटातली सीडी दिली नाही, नव्याने बांधून दिली. म्हणून तुझं गणित दहा वेळा बरोबर आलं. कपाटातली खरी सीडी मोडून टाकायची हिंमत झाली नाही आणि बाहेर काढायचीही नाही. सोळा वर्षं ती तिथे आहे, तुझ्या अक्षरातल्या तारखेखाली. आणि तू माझ्याकडे वळून सरळ विचारलं होतंस, 'तू ही जागा कधी वापरली होतीस का?' मी नाही म्हणाले. तू लगेच विश्वास ठेवलास आणि पुन्हा कागदात डोकं घातलंस. तुला दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही, त्याचा मला तेव्हा आनंद झाला होता. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

का बोलले नाही, याला उत्तर आहे, पण ते काही मोठं नाही. सत्तावीस वर्षांची होते, घाबरले. वाटलं, तू हुशार आहेस, तू यातून सुटशील, मी नाही सुटणार. मग तू सही केलीस आणि त्यानंतर प्रत्येक दिवस बोलायला आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेला. या खेपेसही मी सुटू शकत होते. कार्यालयाच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की मागे घेतलेल्या आवृत्त्या वगळल्या तरी चालतील. सातवी दोन महिन्यांत मागे घेतलेली. एक ओळ खोडली असती तर अठरा आवृत्त्यांचा सुरेख तक्ता गेला असता आणि साहेबांनी पाठ थोपटली असती. तीन दिवस मी ती ओळ खोडत होते आणि परत लिहीत होते. चौथ्या दिवशी भाचीचा फोन आला.

काल संध्याकाळी बाबांना सांगितलं. यंत्र काढून ठेवलेलं, म्हणून कागदावर लिहून दिलं, सगळं, दीड पान. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यांच्यासाठी घातलेल्या ओळीपाशी बोट ठेवलं. तेव्हा नातेवाइकांसमोर 'थोरलीला पहिल्यापासून घाई' असं तेच म्हणाले होते, ते त्यांना आठवलं असणार, कारण कान लाल झाले. मग कागद माझ्याकडे परत देऊन म्हणाले, 'हे थोरलीला सांगितलंस का?' मी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, 'मग माझ्याकडे काय आलीस?' आणि आत जाऊन आडवे झाले. रात्री जेवायला आले, माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी दाढीचं तेवढं बोलले.

आता हे पत्र का, ते सांगते. आज सकाळी दहाला मी तक्ता परवाना कार्यालयात दिला, सातवी आवृत्ती धरून. सोबत कपाटातली सीडी आणि माझ्या सहीचा दोन पानी जबाब. पोच घेतली आणि बाहेरच्या बाकावर बसून हे लिहायला घेतलं, कारण आधी तुला लिहिलं असतं तर तू मला थांबवलं असतंस. मी तुला ओळखते. साहेबांना फोनवर सांगितलं, त्यांनी उद्यापासून येऊ नका म्हटलं, ते बरोबरच आहे. लायब्ररी चालते आहे, दवाखाने अडणार नाहीत. आठवडाभरात कार्यालयातून तुला बोलावणं येईल, जुन्या निकालातलं तुझं नाव काढायला तुझी सही लागते. हे सगळं तुला कुठल्यातरी अनोळखी कारकुनाकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. काकूंना मी स्वतः सांगणार आहे, पण त्यांच्या दारात तू इतकी वर्षं जातेस, तेव्हा मी यायचं की लिहून पाठवायचं ते तू ठरव. माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यासाठी तू आणखी काही करावंस असं मला वाटत नाही. सोळा वर्षं तू स्वतःच्या कामात एक चूक शोधते आहेस. ती तिथे नव्हती. तू लिहिलेलं बरोबर होतं, ताई.

तुझीच,
धाकटी